कौसल्याबाईंची सासू

डबा हलवला की आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं, हा आमच्याकडच्या भुलाबाईतला माझा आवडता भाग. गाणी सगळ्या पोरींना पाठ असत, टिपऱ्या कोणालाही वाजवता येत. पण गाणी संपली की ज्या घरी बसलो असू तिथली बाई घट्ट झाकणाचा डबा घेऊन यायची, एकदाच हलवायची आणि म्हणायची, "सांगा बरं!" खुरमा, म्हणजे शंकरपाळ्यासारखा गोड खाऊ, मऊ आपटतो. शेंगदाण्याचा लाडू एकदा इकडे, एकदा तिकडे जातो आणि थांबतो. मुरमुऱ्यांची नुसती सळसळ होते. चकली आपटताना मोडते आणि ते मोडणंही ऐकू येतं. मला हे सगळं कळायचं, पण इतक्या पोरींसमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. मी ताईच्या कानाशी जायचे, हळूच सांगायचे, आणि ताई टिपरी उंच करून ओरडायची, "खुरमा!" बक्षीस म्हणून पहिली वाटी तिच्या हातात पडायची. ती निम्मी मला द्यायची. सगळ्या वसाहतीत ताईच्या कानांची ख्याती होती. ते कान माझे होते हे आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि मला ते तसंच हवं होतं.

बाबा सेवाग्रामला दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होते. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीत एक हिरवं लोखंडी कपाट. बाबा घरी आले की आधी स्पिरिटचा वास यायचा, मग बाबा. रविवारी आई गोळाभात करायची आणि वरून फोडणीचं तेल ओतताना आमच्या दोघींच्या ताटांत समसमान पडलं का ते वाकून पाहायची. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. माझ्या वेळेपर्यंत बाबांना इंग्रजी शाळा परवडू लागली होती. तिथे मी छान मार्क मिळवले आणि घरच्या भाषेत अडखळायला लागले. आई वऱ्हाडीत बोलायची, मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे, आणि शेजारच्या काकू म्हणायच्या, "वो वैनी, हे तुमची पोरगी बातम्या देऊन राह्यली काय?" मग मी बोलणंच कमी केलं. पाहायला मात्र बोलावं लागत नाही. माझा वस्तू जमवण्याचा नाद त्यातूनच लागला असावा.

सुरुवात पोळ्याच्या मातीच्या बैलांपासून झाली. मग दही लावायची गाडगी, मातीचे तवे, चोच मोडलेल्या सुरया. शेवटी मी येऊन थांबले ती भुलाबाईपाशी. जिथे ही प्रथा नाही तिथल्या वाचकांसाठी सांगते: भुलाबाई म्हणजे पार्वती. भादव्याच्या पौर्णिमेला ती भुलोबाला आणि मांडीवरच्या लहानग्या गणपतीला घेऊन माहेरी येते. महिनाभर पोरी तिच्यापुढे गातात आणि कोजागिरी झाली की तिला नदीत पोचवतात. ती कच्च्या मातीची असते, भाजलेली नसते, कारण तिला विरघळायचंच असतं. पण प्रत्येक गावची भुलाबाई वेगळी असते हे माझ्या लक्षात आलं होतं. देवळीची मान लांब, आर्वीच्या डोळ्यांना वरच्या पापण्याच नाहीत, सेलूच्या बाजारातली सतत हसू दाबून बसल्यासारखी. हे सगळं दर वर्षी पाण्यात जातं याचं मला फार वाईट वाटायचं. आठवीत असताना मी आईकडे हट्ट धरला की आपल्या घरची जोडी पोचवायची नाही. आईने तिच्याऐवजी एक सुपारी नदीत सोडली आणि पाण्याकडे पाहत हात जोडले. त्यानंतर दर वर्षी सुपारीच गेली. जोड्या जुन्या सुती पातळांच्या तुकड्यांत गुंडाळून हिरव्या कपाटात राहिल्या. प्रत्येक जोडीची नोंद मी वहीत इंग्रजीत करायचे: गाव, उंची, मातीचा रंग. ती वही अजून माझ्याकडे आहे. आता वाचताना जाणवतं की करणाऱ्या बाईचं नाव मी फार थोड्या ठिकाणी लिहिलं आहे.

एक नाव मात्र आहे, ते कौसल्याबाईंचं. त्या अल्लीपूरच्या, माझ्या मामाच्या घरामागे त्यांचं घर. साठीच्या आसपासचं वय, काटक अंग, आणि हाताचे अंगठे इतके रुंद की चहाचा कप धरला की कप दिसायचा नाही. एका हाताने मडक्याच्या आत दगडी गोळा धरायच्या आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी थापीने बाहेरून ठोकायच्या. थप, थप, थप. हा आवाज ओला असतो आणि मडकं वाळत येतं तसा कोरडा होत जातो. मी सुट्टीत तिथे तासन् तास बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कोनाची व तू?" मी सांगितलं. "मंग अशी चूप काऊन बसली? इंग्लिस शाळेत बोलाले पैसे लागते काय?" मी हसले. त्या दिवसापासून त्या बोलायच्या आणि मी ऐकायचे.

त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात, कापसात ठेवलेली एक जोडी होती, त्यांच्या सासूने केलेली. सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दर श्रावणात कौसल्याबाई ती जोडी बाहेर काढायच्या, समोर ठेवायच्या, आणि तिच्यावर बोटं फिरवून फिरवून नव्या जोड्या करायच्या. तिला त्या 'माही सासू'च म्हणायच्या. "सासूले उन्हात ठेवू नको, चिडते थे." ती भुलाबाई मी पाहिलेल्या सगळ्यांपेक्षा वेगळी होती. इतर मूर्तींना मागे मातीचा पाट असतो, त्याला टेकून त्या बसतात. हिला पाट नव्हता. ही आपल्या आपण बसायची, जरा पुढे झुकून, मांडीवरच्या पोराला काहीतरी सांगत असल्यासारखी. तशी बसलेली दुसरी मी आजवर पाहिलेली नाही.

अकरावीत होते त्या वर्षी मी ती महिनाभरासाठी मागितली. मागायला मला पूर्ण एक सुट्टी लागली. कौसल्याबाई थोडा वेळ थापी चालवत राहिल्या. मग म्हणाल्या, "यंदाचं काम झालं माहं. आता पुढच्या श्रावनापर्यंत थे रिकामीच बसते. ने. पन दोन गोष्टी आयक. दिवाळीच्या आंधी माही सासू घरी आली पायजे. अन् हिले हळद-कुंकू लावायचं नाई. लावलं का थे भुलाबाई होते, मंग तिले पोचवाच लागते. नाई लावलं त माती. समजलं काय व, इंग्लिस?" मी मान हलवली. डबा मांडीवर धरून मी बसने घरी आले, आणि खड्डा आला की दोन्ही पाय वर उचलायचे.

त्या वर्षी ताई घरी होती. लग्नानंतर दीड वर्षाने, उन्हाळ्यात आठ दिवसांसाठी आली आणि परत न्यायला कोणी आलंच नाही. नेमकं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. बाबा दोनदा तिच्या सासरी नागपूरला जाऊन आले आणि दोन्ही वेळा न जेवता झोपले. ताईचे कान तेव्हा खरोखरच तीक्ष्ण झाले होते. फाटकाची कडी वाजली की ती हातातलं काम थांबवायची. गाडीच्या आवाजावरून तिला कळायचं की ही दूधवाल्याची, ही समोरच्या डॉक्टरांची. मग ती पुन्हा भाजी निवडायला लागायची. मी सासूची जोडी आणली तेव्हा पहिल्यांदा ती जरा खुलली. सगळं मी तिलाच सांगितलं, दिवाळीचं वचन, कुंकवाची अट. तिने भुलाबाईला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "किती आरामात बसली व हे माहेरी."

अट मी मोडली. हे इथेच सांगून टाकते. कोजागिरीच्या आदल्या दुपारी मी फोनवर फोटो काढत होते. साध्या मातीची जोडी लाकडी पाटावर फारच उघडी वाटत होती. मी झेंडूची फुलं ठेवली, मागे आईचं जरीचं पातळ लावलं. तरी काहीतरी कमी होतं. मग देवघरातून कुंकवाची कोयरी आणली आणि बोटाच्या टोकाने भुलाबाईच्या कपाळाला कुंकू लावलं. फोटो सुंदर आला. नंतर ओल्या कापसाने पुसायला गेले तर कच्च्या मातीने ते पिऊन घेतलं होतं, आणखी घासलं असतं तर कपाळच गेलं असतं. ठिपका राहिला. मी तिला गुंडाळून ठेवलं. घरात कोणी पाहिलं नव्हतं.

कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी मला शाळेबरोबर विज्ञान प्रदर्शनासाठी तीन दिवस नागपूरला जायचं होतं. काही दिवसांपासून काकू आईला ऐकवत होत्या, "वो वैनी, राग नका मानू. पन भुलाबाई इतके वर्सं माहेरी कोंडून ठेवल्यावर लेक सासरी कशी जाईल?" आई पडवीत गेली की हिरव्या कपाटाकडे पाहायची. म्हणून मी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली ताईला दिली.

"आईला देऊ नको हं."

"नाई देत व."

"कोणालाच नको."

"जा ना बापा, गाडी चुकवशीन."

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आले. फाटकातूनच मला दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसले. रंग उडालेल्या पातळांचे तुकडे, एकसारख्या आकाराचे, एकाला एक लागून. काही क्षण मी नुसतीच पाहत राहिले, की हे कापड कुठे पाहिलंय. मग कळलं. पडवीत कपाट उघडं होतं. मातीचे बैल होते, गाडगी होती, सुरया होत्या. भुलाबाईचा कप्पा पुसून, वर्तमानपत्र घालून स्वच्छ केलेला होता. कौसल्याबाईंचा पत्र्याचा डबासुद्धा धुऊन उपडा ठेवला होता.

ताई स्वयंपाकघरात आंबाडी निवडत बसली होती. आई गॅसपाशी, पाठमोरी. मी दारातच उभी राहिले.

"कुठे आहेत?"

"पवनारले गेलतो काल," आई मागे न वळता म्हणाली. "धाम नदीत पोचवल्या. खनानारळानं ओटी भरून पोचवल्या, अशाच नाई फेकल्या."

"किल्ली कोणी दिली?"

ताई आंबाडीची देठं एका बाजूला रचत होती.

"कौसल्याबाईंची पण?"

"सगळ्याच," आई म्हणाली.

"ताई, ती आपली नव्हती. तुला माहीत होतं."

तेव्हा ताईने वर पाहिलं. डोळे सुजलेले नव्हते, आवाजही चढला नाही. "तिच्या कपाळाले कुंकू होतं, मिने. मी तिले परत ठेवतच होती. मंग कुंकू दिसलं. कुंकू लावेल बाई कशी ठेवू मी अथी?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते मी दिलं नाही. "तू मला फसवलंस," एवढं म्हणाले, आणि मग पडवीत जाऊन दोरीवरचे तुकडे ओढून ओढून खाली काढले. ताई माझ्यामागे आली नाही. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. मीठ दे, दार लाव, एवढंच. एका खोलीत झोपणाऱ्या दोघींनी न बोलता राहायचं म्हणजे किती नियम पाळावे लागतात ते मी त्या वर्षी शिकले. आईचा मला इतका राग आला नाही. आईने माझ्याजवळ काही कबूलच केलं नव्हतं. पण ज्या एका माणसाच्या कानाशी मी आयुष्यभर बोलत आले, त्याच माणसाने माझी किल्ली फिरवली होती, आणि तीही एका नवऱ्यासाठी, जो फोनसुद्धा उचलत नव्हता.

दिवाळीत ताईला न्यायला कोणी आलं नाही. संक्रांतीलाही नाही. काकूंनी कारणं बदलली. ताई हळूहळू फाटकाच्या कडीला दचकायची थांबली.

आणि मी अल्लीपूरला जायची थांबले. कौसल्याबाईंचा फोन यायचा, "काय व, माही सासू कवा येते घरी?" मी परीक्षा आहे म्हणायचे, ताप आहे म्हणायचे. "तुह्या घरी करमली वाटते तिले," त्या हसायच्या. मला खोटं बोलता येत नाही असं मी स्वतःबद्दल समजत होते. फोनवर ते सोपं जातं. श्रावण लागला आणि त्यांचा फोन आला तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. "पोरी, माती मळून ठेवली. आता आनजो."

मी गेले, रिकामा डबा घेऊन. त्या मडकं ठोकत होत्या. मी सांगितलं. थापी थांबली. मडक्याच्या आतला हात त्यांनी बाहेर काढला नव्हता.

"फुटली म्हनली असती त बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. मग, "फोटू काहाडले होते ना तुनं? दाखव."

मी फोन दिला. मातीच्या अंगठ्याने त्या फोटो मोठा करत गेल्या. कपाळापाशी थांबल्या.

"कुंकू कोनं लावलं?"

"ताईनं," मी म्हणाले.

तो शब्द असा सहज आला की मलाच कळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढचे फोटो पाहिले. सगळे समोरूनच होते. एकच कोन, वेगवेगळी फुलं.

"मागून कशी होती?"

मी आठवू लागले. महिनाभर मी तिला रोज पाहत होते. चेहरा आठवत होता, बोटं आठवत होती, पोराच्या सोंडेचा तुटका शेंडा आठवत होता. पाठ आठवेना. वहीत उंची होती, मातीचा रंग होता. "तुम्हांला नाही आठवत, मावशी?" मी विचारलं.

"मी बोट लावून पाहो अन् करो. समोर होती ना थे, मंग डोक्यात कायले ठेवू?" त्यांनी फळीवरच्या दोन ओल्या भुलाबाया दाखवल्या. दोन्ही तोंडावर पडल्या होत्या. "बसतच नाई. मागं काहीतरी टेका होता. चार डाव करून पाह्यल्या. जाऊ दे, यंदा पाट लावून करतो, लोकं करते तसा." असं म्हणून त्यांनी त्या दोन्ही उचलल्या आणि पुन्हा गोळ्यात दाबून टाकल्या.

घरी आले तेव्हा ताई पडवीत कपडे घडी करत होती. जवळजवळ वर्षाने मी तिला आपणहून काही विचारलं.

"ती मागून कशी होती?"

कोण, असं तिने विचारलं नाही. हातातलं पातळ तसंच ठेवून ती म्हणाली, "उद्या जाऊ. सांगता नाई येनार, करून दाखवा लागीन."

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाईंच्या अंगणात ताई मांडी घालून बसली आणि बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या. कौसल्याबाईंनी पुढचं अंग करून दिलं. ताईने मातीची एक जाड वळी केली, मानेपासून खाली आणली, कमरेशी जरा आत वळवली आणि शेवट जमिनीवर टेकवून अंगठ्याने पसरवला. वेणी होती. भुलाबाई आपल्या वेणीवर बसायची. कौसल्याबाईंनी हात काढून घेतला. मूर्ती जराशी हलली आणि बसली.

"अगं माय," कौसल्याबाई म्हणाल्या. "हेच. हेच होती माही सासू. तुले कसं ध्यानात राह्यलं व?"

ताई वेणीवरून ओलं बोट फिरवत होती. "तोंड नदीकडं करून सोडलं ना सगळ्यायले. म्हनजे पाठ आपल्याकडं. बाकीच्या लगेच लवंडल्या. हे उथळ पान्यात बसूनच राह्यली. आई पुढं निघून गेली. मी उभी होती. पानी वेणीले लागून खाली-खाली जाय, तरी हे बसेलच. मी म्हटलं, जाय ना व माय. जाय आता." तिने बोटाला लागलेली माती पुसली. "लय वेळानं गेली."

कौसल्याबाईंनी चहा केला. गुळाचा, काळा. दुपारपर्यंत त्यांनी ताईला समोर बसवून आणखी तीन केल्या आणि तिन्ही बसल्या. निघताना त्यांनी पहिली, अजून पुरती वाळलेली नव्हती ती, केळीच्या पानात ठेवून माझ्या हातात दिली आणि बोलल्या मात्र ताईशी.

"हे तिच्यासाठी. पन हिले कुंकू नको लावू बाप्पा. मांगच्या वेळी तुनं लावलं म्हने."

ताईने माझ्याकडे पाहिलं. डबा हलल्यावर पाहायची तसंच, मान किंचित माझ्या बाजूला कलती करून, मी कानात काहीतरी सांगेन म्हणून. मी पानाची कड नीट करत राहिले.

"हाव मावशी," ताई म्हणाली. "मीच लावलं."

बस येईपर्यंत आम्ही फाट्यावर उभ्या होतो. ती आता विचारेल, आता विचारेल, असं वाटून मी रस्त्याकडेच पाहत राहिले. तिने विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.